हॉकीपटूचं वय कुठे दिसतं: पायांत, हातांत की आकड्यांत?

पॅरिसमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी भारतानं स्पेनला २-१ असं हरवून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगचे. त्याचं वय तेव्हा २८. गोलजाळ्यासमोर पी. आर. श्रीजेश, वय ३६, आणि तो त्याचा निरोपाचा सामना. दोन महिन्यांनी हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. मूळ किमतीचे गट तीनच होते, १० लाख, ५ लाख आणि २ लाख. हरमनप्रीतची बोली चढत चढत ७८ लाखांवर थांबली. लिलाव बघणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात: ‘अजून वय आहे त्याचं’ किंवा ‘आता वय झालं त्याचं’. नाशिकच्या मैदानांवरही हीच वाक्यं ऐकू येतात, संघ शाळेचा असो, पोलिसांचा असो की देवळालीच्या लष्करी भागातला. कित्येकांची निवड या एका वाक्यावर होते किंवा हुकते. म्हणून ते कितपत खरं आहे, हे नीट तपासायला हवं.

वय खेळाडूवर एकदम चाल करून येत नाही. ते एकेका अवयवाला, एकेका कौशल्याला वेगवेगळ्या वेळी गाठतं. आणि ते मोजायला आपण जी सरासरी वापरतो, तीच बरेचदा आपल्याला फसवते. या दोन गोष्टी समजल्या की बाकीचं कोडं आपोआप सुटत जातं.

आधी दोन हॉकींतला फरक

आपण हॉकी म्हणतो ती टर्फवरची. सामना ६० मिनिटांचा, १५ मिनिटांचे चार भाग. पूर्वी ३५-३५ मिनिटांचे दोन भाग असत. खेळाडू हवा तितक्या वेळा बाहेर बोलावता येतो आणि परत आत पाठवता येतो. कॅनडा-अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगचं नाव नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. तिथेही सामना ६० मिनिटांचाच, पण २० मिनिटांचे तीन भाग, आणि खेळाडू एका वेळी साधारण ४५ सेकंदच बर्फावर असतो. तेवढ्यात जीव तोडून स्केटिंग करायचं, मग बाकावर बसायचं. या छोट्या पाळीला शिफ्ट म्हणतात.

वयाचा अभ्यास मुख्यतः बर्फावरच्या हॉकीत झाला, कारण तिथे आकडे आहेत. कित्येक वर्षं एका संघाचे हंगामात ८२ सामने होत आले आहेत आणि प्रत्येक गोल, पास, फटका, खेळलेली मिनिटं यांची नोंद होते. आपल्याकडे खेळाडूचे एकूण सामने आणि गोल सापडतात, त्यापलीकडचं सहज सापडत नाही. त्यामुळे पुढचे आकडे बर्फावरचे आहेत. शरीराचे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच.

‘वय झालं’ म्हणजे शरीरात नक्की काय झालं

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जाऊन पाहा. वीसेक किलोमीटरची ती वाट पंचावन्न-साठीची माणसं अनवाणी, गप्पा मारत पार करतात. त्याच माणसाला सीबीएस बसस्थानकावर सुटलेली एसटी पकडायला पन्नास पावलं जोरात पळायला सांगा. तिथे विशीतला पोरगा त्याला सहज मागे टाकेल. लांबचं चालणं टिकलं, झेप गेली.

याचं कारण स्नायूंत आहे. स्नायूचे तंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे: सावकाश आणि खूप वेळ काम करणारे संथ तंतू, आणि क्षणात ताकद लावून लवकर दमणारे जलद तंतू. वयाबरोबर आधी बारीक होतात ते जलद तंतू. हॉकीतल्या निर्णायक हालचाली बहुतेक या जलद तंतूंवर चालतात. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, कडेला बचावपटूला चुकवताना टाकलेली पहिली तीन पावलं, बर्फावर वळताना दिलेला जोर, चेंडू हिसकावायला मारलेला सूर. म्हणून हॉकीत वय लवकर दिसतं आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात उशिरा. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचंच पाहा. २०१० मध्ये, पंचविशीत, तिनं १०,००० मीटरमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. २०१६ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, ती रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी पात्र ठरली. अंतर वाढलं तसं वय कमी आड आलं.

दुसरा बदल हृदयात. हृदय एका मिनिटात जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं, याचं एक सरासरी सूत्र आहे: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं. विसाव्या वर्षी १९४, तिसाव्या वर्षी १८७, चाळिसाव्या वर्षी १८०. एकेका माणसात दहा-दहा ठोक्यांचा फरक असू शकतो, पण सरासरीचा उतार सरळ आहे आणि कितीही सराव केला तरी तो थांबत नाही. ठोके कमी म्हणजे स्नायूंना पोचणारा ऑक्सिजन कमी. इथे मात्र सरावाचा उपयोग होतो. व्यायाम न करणाऱ्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी घटते. कसून सराव चालू ठेवणाऱ्याची घट याच्या जवळपास निम्मी असते.

तिसरा बदल सगळ्यांत कमी दिसतो आणि माझ्या मते सगळ्यांत महाग पडतो: शरीर भरून यायला लागणारा वेळ. पांडवलेणीच्या पायऱ्या पंचविशीत आणि चाळिशीत सारख्याच वेळात चढता येतील, पण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कोणाच्या बोलतात ते पाहा. एक सामना खेळायला ३५ वर्षांचा खेळाडू कमी पडत नाही. तीन दिवसांत दोन सामने आले की दुसऱ्यात तो कमी पडतो. आपल्याकडच्या स्पर्धा दहा-बारा दिवसांत उरकतात, म्हणून वयस्कर खेळाडू साखळीत चमकतो आणि उपांत्य फेरीत ‘अचानक’ म्हातारा दिसतो.

पाय आधी, हात नंतर, नजर सर्वांत शेवटी

वेन ग्रेट्झ्की हा बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत मोठा मानला जाणारा खेळाडू. १९८१-८२ च्या हंगामात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं ८० सामन्यांत ९२ गोल केले आणि १२० गोलांना साहाय्य केलं, म्हणजे अखेरचा पास दिला किंवा चाल रचली. १९९८-९९ च्या शेवटच्या हंगामात, ३८ व्या वर्षी, त्याचे ७० सामन्यांत गोल फक्त ९. पण साहाय्य ५३.

आता भागाकार करा. गोल सामन्याला १.१५ वरून ०.१३ वर आले, म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्शावर. साहाय्य १.५ वरून ०.७६ वर, म्हणजे निम्म्यावर. गोल करायला मोकळ्या जागेत सर्वांच्या आधी पोचावं लागतं; ते काम पायांचं. साहाय्य करायला ती जागा दोन क्षण आधी दिसावी लागते. ते काम नजरेचं. शिवाय यातला काही उतार त्याचा नव्हताच. १९८१-८२ मध्ये त्या लीगच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी सुमारे ८ गोल होत, १९९८-९९ मध्ये सव्वापाचच्या आसपास. खेळच बदलला होता, गोलरक्षण सुधारलं होतं. जुन्या आणि नव्या हंगामांची तुलना करताना हा काळाचा फरक काढून टाकला नाही, तर तो सगळा खेळाडूच्या वयाच्या खात्यावर चढतो.

ॲलेक्स ओव्हेच्किनचं उदाहरण उलट बाजूचं. २००७-०८ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ६५ गोल. २०२४-२५ मध्ये, ३९ व्या वर्षी, पाय मोडल्यामुळे काही सामने हुकूनही ६५ सामन्यांत ४४ गोल. त्याच हंगामात ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५ वा गोल करून त्यानं ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. तो गोल झाला तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर होता, आणि ओव्हेच्किन डाव्या बाजूच्या आपल्या ठरलेल्या जागी उभा होता. तिथे पास आला की उभ्या उभ्या फटका. हे काम हातांचं, मनगटाचं, वेळ साधण्याचं. पळून जागा मिळवावी लागत नाही. आपल्याकडे पेनल्टी कॉर्नरवरची ड्रॅग-फ्लिक, म्हणजे चेंडू काठीवर ओढत नेऊन मारलेला फटका, याच जातीची. म्हणूनच धावण्यात मंदावलेला फ्लिकर संघात टिकू शकतो आणि तितक्याच मंदावलेल्या विंगरला, म्हणजे कडेनं धावणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला, जागा सोडावी लागते.

मग शिखरवय किती?

ज्या वयात खेळ सर्वांत उंचीवर असतो त्याला शिखरवय म्हणू. कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१४ साली एनएचएलच्या आकड्यांवरून काढलेलं उत्तर असं: आघाडीच्या खेळाडूंचं शिखर २७ ते २८, बचावपटूंचं २८ ते २९. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की शिखर टोकदार नाही. ते आपल्या अंजनेरीसारखं आहे, वर सपाट पठार असलेलं. आघाडीचा खेळाडू साधारण २४ ते ३२ या वयात आपल्या सर्वोत्तम खेळाच्या ९० टक्क्यांच्या वरच असतो, बचावपटू २४ ते ३४ पर्यंत.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट निवड समित्यांनी भिंतीवर लावावी इतकी मोलाची आहे. दोन खेळाडूंमधला गुणवत्तेचा फरक वयाच्या फरकापेक्षा बराच मोठा असतो. उत्तम खेळाडू ३४ व्या वर्षीही सामान्य खेळाडूच्या २७ व्या वर्षापेक्षा सरस असू शकतो.

दुसऱ्या पद्धतीनं हिशेब करणाऱ्या काही विश्लेषकांना शिखर आणखी आधी, २२ ते २५ च्या दरम्यान सापडलं. आकडे तेच, उत्तर वेगळं. असं का होतं, हे कळायला निफाड-दिंडोरीच्या बागांत जावं लागेल.

द्राक्षबागेचा हिशेब

समजा, एका गावात एकेक एकराच्या दहा द्राक्षबागा आहेत, सगळ्या सहा वर्षांच्या. चार बागा एकरी १२ टन देतात, सहा बागा ८ टन. एकूण ९६ टन, सरासरी ९.६ टन. वर्षं गेली. प्रत्येक बागेचं उत्पन्न एकरी २ टनांनी घटलं. चांगल्या बागा १० टनांवर आल्या, बाकीच्या ६ टनांवर. सहा टनांत औषधं, मजुरी, छाटणी यांचा खर्च भागत नाही, म्हणून त्या सहा बागा शेतकऱ्यांनी तोडल्या. उरल्या चार. आता कोणी पाहणी करायला आला तर त्याला जुन्या बागांची सरासरी दिसेल १० टन. तो लिहील: बाग जुनी झाली की उत्पन्न ९.६ वरून १० वर जातं. आणि खरं तर एकही बाग अशी नाही, जिचं उत्पन्न घटलं नाही.

हॉकीत हेच होतं. २५ वर्षांचे खेळाडू लीगमध्ये भरपूर असतात, त्यांत सामान्यही असतात. ३६ व्या वर्षी उरतात ते मोजके, आणि ते मुळात असामान्य होते म्हणूनच उरतात. दोन्ही वयांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या तर वयाचा काही परिणामच दिसत नाही. याला आपण तगलेल्यांची सरासरी म्हणू. ‘पस्तिशीतले खेळाडू बघा कसे खेळतात’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: पस्तिशीच्या आत घरी गेले ते किती?

मग प्रत्येकाची त्याच्याशीच तुलना केली तर?

ही पद्धत बरीच चांगली. खेळाडूचा २९ व्या वर्षीचा खेळ आणि त्याचाच ३० व्या वर्षीचा खेळ यांतला फरक काढायचा. असे सगळ्यांचे फरक घेऊन त्यांची सरासरी काढायची, मग ३० ते ३१, ३१ ते ३२ असं पुढे जोडत जायचं. बागेच्या उदाहरणात या पद्धतीनं उत्तर बरोबर येतं: प्रत्येक बाग उणे २ टन.

पण यातही दोन भोकं आहेत, आणि ती उलट्या दिशांना ओढतात. पहिलं: जो इतका घसरला की पुढच्या वर्षी संघातच नाही, त्याचा फरक मोजलाच जात नाही. त्यामुळे उतार खऱ्यापेक्षा सौम्य दिसतो. दुसरं भोक नशिबाचं. चेंडू खांबाला लागून आत जातो किंवा बाहेर, आणि एका हंगामातल्या वीस गोलांपैकी चार-पाच तरी असेच असतात असं धरा. ज्याचं वर्ष वाईट नशिबाचं गेलं त्याला काढून टाकलं जातं. ज्याचं वर्ष चांगल्या नशिबाचं गेलं तो राहतो. पुढच्या वर्षी नशीब सरासरीवर येतं आणि त्याचे आकडे उतरतात. तो म्हातारा झालेला नसतो, आधीचं वर्षच त्याला थोडं जास्त देऊन गेलेलं असतं. यामुळे उतार खऱ्यापेक्षा तीव्र दिसतो.

तिसरी चूक साधी, पण रोजची. सामन्यामागे गोल मोजणं. प्रशिक्षक वयस्कर खेळाडूला कमी वेळ खेळवतो, म्हणून गोल कमी होतात, म्हणून तो आणखी कमी खेळवतो. हिशेब नेहमी मिनिटांवर हवा. समजा, एका खेळाडूनं १० सामन्यांत ४०० मिनिटं खेळून ५ गोल केले. पुढच्या वर्षी १० सामन्यांत २४० मिनिटं आणि ३ गोल. सामन्यामागे गोल ०.५ वरून ०.३ वर घसरले. ६० मिनिटांमागे पाहा: दोन्ही वर्षी ०.७५. खेळ तसूभरही उतरलेला नाही.

‘पण जागर पन्नाशीपर्यंत खेळलाच ना?’

खेळला. एनएचएलमधल्या यारोमिर जागरनं २०१५-१६ मध्ये, हंगामात ४४ वर्षं पूर्ण करत, ६६ गुण मिळवले (गोल आणि साहाय्य मिळून गुण), आणि पन्नाशीनंतरही तो आपल्या देशात, चेक प्रजासत्ताकात, खेळत राहिला. त्याच लीगमधला गॉर्डी होव १९७९-८० चा हंगाम वयाच्या बावन्नाव्या वर्षी संपवताना सगळेच्या सगळे ८० सामने खेळला होता. आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेनं चौथं ऑलिंपिक छत्तिसाव्या वर्षी अथेन्समध्ये खेळलं.

पण जागरचाच १९९५-९६ चा हंगाम काढा: १४९ गुण. १४९ वरून ६६. उतार त्यालाही चुकला नाही. फक्त तो इतक्या उंचावरून उतरायला लागला होता की निम्म्यावर येऊनही बऱ्याच तरुणांच्या वर राहिला. अशा माणसांचा खेळ पाहणं हा आनंद आहे, त्यात वाद नाही. मात्र त्यांच्यावरून आपल्या संघाचा नियम बनवला तर आपण त्या चार बागांवरून सगळ्या गावाचं उत्पन्न ठरवल्यासारखं होईल.

‘गोलरक्षकाला वय नसतं का?’

त्या २०१४ च्या अभ्यासात गोलरक्षकांच्या खेळात विशीच्या सुरुवातीपासून तिशीच्या अखेरीपर्यंत वयाचा ठळक परिणाम दिसलाच नाही. टिम थॉमसनं २०१०-११ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, दर हजार फटक्यांमागे ९३८ अडवून त्या वेळचा विक्रम केला.

कारण गणितात दिसतं. ड्रॅग-फ्लिक ताशी १०० किलोमीटरची धरली, तर चेंडू सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो. डीच्या कडेपासून जाळं साडेचौदा मीटरांवर. म्हणजे गोलरक्षकाकडे अर्धा सेकंद. त्यातले पाव सेकंदाच्या आसपास केवळ डोळ्यांनी पाहून शरीराला हुकूम द्यायला जातात. वयामुळे हा हुकूम काही हजारांश सेकंदांनी उशिरा सुटतो. पण फ्लिकरच्या खांद्याचा कल, पुढच्या पायाची दिशा, काठीवर चेंडू किती वेळ ओढला हे वाचून अनुभवी गोलरक्षक चेंडू सुटायच्या आधीच वजन एका पायावर टाकतो. तिथे तो गमावलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ कमावतो. त्याला साठ मिनिटं पळायचंही नसतं. गुडघे आणि कंबरेचे सांधे मात्र त्याचे आधी बोलतात, कारण दर बचावाला बसणं, पाय फाकणं आणि पुन्हा उठणं असतं.

इथेही तगलेल्यांची सरासरी आहे, हे विसरू नये. संघात गोलरक्षकाच्या जागा एक-दोनच. जो थोडा ढासळला त्याला फिरून संधी मिळत नाही, आणि नोंदीत उरतात ते न ढासळलेले.

‘आता जिम, आहार, फिजिओ आहेत, वय पुढे गेलं नाही का?’

उतार सौम्य झाला आहे, पण त्याच सोयी विशीतल्या मुलांनाही मिळाल्या. ते आता अठराव्या वर्षीच पूर्वीच्या पंचविशीतल्या खेळाडूइतके तयार होऊन येतात. शिवाय खेळाचा वेग वाढला. टर्फवर कितीही बदल्या करता येतात, म्हणून आत येणारा प्रत्येक जण ताजा असतो आणि पूर्ण वेगानं पळतो. पूर्वी दुसऱ्या अर्धात सगळेच दमत, तेव्हा डोक्यानं खेळणाऱ्या जुन्या खेळाडूला आपोआप फायदा मिळे. तो आता मिळत नाही. त्याच बदल्यांचा त्याला उपयोगही करून घेता येतो, पण त्यासाठी प्रशिक्षकानं त्याच्या पाळ्या छोट्या करायला हव्यात: आठ-दहा मिनिटांऐवजी चार-पाच मिनिटं.

पैसा चुकीच्या वयाला का जातो

एनएचएलमध्ये खेळाडू १८ व्या वर्षी निवडला जातो आणि साधारण २७ व्या वर्षी, किंवा सात हंगाम झाल्यावर, कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा होतो. तोवर त्याची बहुतेक चढण संपलेली असते. लीग आणि खेळाडूंमधल्या २०१३ च्या करारानं संघांना आपल्या खेळाडूशी जास्तीत जास्त ८ वर्षांचा करार करण्याची मर्यादा घातली. म्हणजे २८ व्या वर्षी सही केलेला खेळाडू ३५-३६ पर्यंत त्याच पगारावर. संघ पैसे मोजतो ते झालेल्या कामगिरीकडे बघून, आणि त्या पैशांत विकत घेतो ती उतरण. लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्यामुळे हा बोजा तरुणांच्या जागा खातो. आपल्याकडे लिलावाच्या बोलीतही हाच मोह असतो. विंगरवर बोली लावताना पुढच्या दोन वर्षांतले त्याचे पाय विकत घ्यायचे असतात, मागच्या ऑलिंपिकमधले गोल नव्हे.

आपल्या मैदानावर मोजायचं कसं

यंत्रं लागत नाहीत. चुन्याची फक्की, मोजपट्टी, मोबाइल आणि एक वही पुरे. वर्षातून दोनदा मोजा, जानेवारीत आणि जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी, तेही सकाळी एकाच वेळी, एकाच मैदानावर, त्याच बुटांत.

पहिली चाचणी ३० मीटरची. शून्य, १० आणि ३० मीटरवर रेषा आखा. खेळाडू रेषेच्या अर्धा मीटर मागे उभा राहील. पंधरा मिनिटं अंग गरम करून तीन धावा, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती, त्यांतली सर्वोत्तम वेळ लिहायची. हाताच्या स्टॉपवॉचवर भरवसा ठेवू नका. अंगठ्याची चूक ०.२ सेकंदापर्यंत जाते आणि एका वर्षात वयामुळे पडणारा फरक काही शतांश सेकंदांचाच असू शकतो, म्हणजे चूकच फरकाहून मोठी. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांच्या वेगानं घ्या आणि चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद. पहिल्या १० मीटरची वेळ वेगळी लिहा. वय सर्वांत आधी तिथेच दिसतं.

दुसरी चाचणी दमसासाची. तेच ३० मीटर सहा वेळा, दर ३० सेकंदांनी एक धाव. समजा वेळा आल्या ४.४, ४.५, ४.६, ४.७, ४.८, ४.९. बेरीज २७.९. सर्वोत्तम वेळेची सहापट २६.४. फरक १.५, म्हणजे ५.७ टक्के घसरण. ही टक्केवारी वाढत गेली आणि पहिली धाव तशीच राहिली, तर खेळाडूचे पाय शाबूत आहेत, भरून येणं मंदावलं आहे. त्याला छोट्या पाळ्या द्या. पहिली धावच मंदावली असेल तर जागा बदलायचा विचार करा: विंगवरून मधल्या फळीत, तिथून बचावात.

तिसरी नोंद खेळाडूनं घरी करायची. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. सामन्यानंतर दोन दिवस ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर राहत असेल तर त्या आठवड्यात जोरदार सराव नको. चौथी नोंद हातांची: दहा मीटरवरून जोरात आलेले वीस चेंडू अडवून दोन सेकंदांत ठरलेल्या खुणेवर पास, किती बरोबर ते लिहायचं.

एका वाईट नोंदीवर कोणाला म्हातारं ठरवू नका. ताप, झोप, ओलं मैदान, नुकती भरलेली दुखापत, काहीही आड येतं. सलग तीन नोंदी एकाच दिशेनं गेल्या तर तो उतार.

तिशीनंतर काय कमी करायचं आणि काय नाही

सर्वांत घातक चूक खूप प्रचलित आहे: ‘आता वय झालं’ म्हणून जोरदार धावा सोडून द्यायच्या आणि मैदानाला संथ फेऱ्या मारायच्या. जलद तंतू वापरले नाहीत तर ते आणखी भराभर बारीक होतात. फेऱ्या कमी करा, वेग ठेवा. आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाच्या सहा ते आठ धावा, २०-३० मीटरच्या, मध्ये भरपूर विश्रांती. दोनदा वजनांचा व्यायाम, जड वजन आणि कमी वेळा.

वयस्कर हॉकीपटूचा हंगाम बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूपाशी, म्हणजे हॅमस्ट्रिंगपाशी संपतो. त्यावरचा नॉर्डिक नावाचा व्यायाम फुकट आहे आणि अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर त्यानं या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. गुडघ्यांवर उभं राहायचं, गुडघ्यांखाली घडी घातलेली सतरंजी. जोडीदारानं घोटे घट्ट दाबून धरायचे. कंबर न वाकवता अंग सरळ ठेवून तीन ते पाच सेकंदांत हळूहळू पुढे झुकायचं, तोल सुटला की हातांवर झेलायचं, हातांनीच ढकलून परत वर यायचं. पहिल्या आठवड्यात पाच-पाच वेळा दोनच फेऱ्या, तेही एकदाच. अनेक जण पहिल्याच दिवशी तीस वेळा करतात, चार दिवस खुर्चीवर बसता येत नाही आणि व्यायाम कायमचा सुटतो. दहा आठवड्यांत आठ-दहा वेळांच्या तीन फेऱ्यांपर्यंत न्यायचं. सामन्याआधीच्या दोन दिवसांत हा व्यायाम करायचा नाही, कारण ताणलेला स्नायू भरून यायला ४८ तास तरी लागतात.